बाँबर राव आणि स्टोव्हची पिन

१२ जानेवारी. उद्या भोगी, म्हणून सकाळपासून माळा उपसते आहे. इथे तंजावरात भोगीच्या पहाटे घरातलं जुनंपानं दारात आणून जाळतात. यंदा आमच्या घरमालकीणबाईंचं तिरुवैयारूहून तमिळमध्ये कार्डही आलं आहे. पोंगलनंतर वरच्या खोलीत नवे भाडेकरू येणार, माळा मोकळा करावा, आणि 'ते विमान' बाईंच्यादेखत जाळावं. त्या उद्या पहिल्या बसने येत आहेत.

दोन फाटक्या चटया, एक सूप, बूड गेलेल्या टोपल्या खाली आल्या. सगळ्यांत शेवटी फणसाच्या लाकडाची पेटी. आत जुन्या धोतरात गुंडाळलेलं विमान. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन फूट, चार इंजिनं, शेपटीला दोन उभी सुकाणं. उंदरांनी धोतर खाल्लं आहे, पण विमानाला दात लावलेला नाही. नाकाच्या डाव्या बाजूला गंधाचा एक वाळका ठिपका अजून आहे.

मी वस्तू सांभाळणारी बाई नाही. वर्षभरात जी लागली नाही ती घराबाहेर, हा माझा नियम. पण ही जाळण्याआधी, करणाऱ्याबद्दल लिहून ठेवणार आहे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं पुष्कळ, बाळबोध लिपी वाचणारे दोघेच. एक मी, कारण वडिलांनी छडी घेऊन शिकवलं. दुसरे एक म्हातारे शास्त्री, त्यांना आता दिसत नाही. घरमालकीणबाईंना, म्हणजे मी ज्यांना वहिनी म्हणते त्यांना, तमिळखेरीज काही वाचता येत नाही. तिकडे पुण्या-मुंबईला कोणी छापलं तर खुशाल छापो, ते मासिक या गल्लीत येत नाही. म्हणूनच लिहायला हरकत नाही.

गल्ली त्यांना 'बाँबर राव' म्हणायची. मी तोंडावर अण्णा म्हणत असे. आम्ही त्यांच्या घरात खालच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. मुलांच्या शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. माझे यजमान रेल्वेत गार्ड, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे घरमालकाचा शेजार मलाच जास्त घडला.

पहिल्याच सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"टीचरम्मा, तुमच्या स्टोव्हला दम लागलाय."

सदऱ्याच्या खिशातून स्टोव्हची पिन काढली, बर्नरच्या छिद्रात दोनदा फिरवली, निळी ज्योत उठली तशी मान हलवली आणि निघून गेले. लोक खिशाला पेन लावतात, हे पिन लावत. पुढे कळलं की कोणतंही बुजलेलं भोक त्यांना सहन होत नाही. मोरीची जाळी, किटलीची चोच, चाळणी, कुलपात किल्लीची जागा. रोज आंघोळीनंतर, देवपूजेच्या आधी, घरभर फिरून ती मोकळी करत. नारळाच्या झाडूची एक हीर कायम कानावर असे. गल्लीतल्या बायका त्यांना हसत आणि स्टोव्ह बिघडला की त्यांनाच बोलावत.

एकदा देवळाच्या दारात नागस्वरवाला वाद्य उन्हात ठेवून बसला होता. अण्णा वाकले, एका भोकात फुंकर मारली, मग हीर काढली. तो उखडला.

"राव, वाद्य माझं की तुमचं?"

"तुझंच. हवा मात्र सगळ्यांची."

'अंदाजे' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. दूधवाला म्हणाला, "अंदाजे तेवढंच आहे, सामी," की त्याला उन्हात उभा करून मापात पुन्हा ओतायला लावत. माझं वय विचारलं तेव्हा मी 'पस्तिसाच्या आसपास' म्हटलं, तर म्हणाले, "आसपास कुठं? अलीकडे की पलीकडे?" आणि ठरलेलं वाक्य: "अंदाजे म्हणजे खोटं, फक्त सभ्य कपडे घातलेलं."

शाळेत मुलांना घागर काढायला सांगताना म्हणत, आधी आतून काढा. मुलं म्हणत, आतून दिसत नाही सर. ते म्हणत, मग पाणी कुठे राहतं?

विमानाचं काम वरच्या खोलीत चाले. आम्ही आलो तेव्हा नुसता सांगाडा होता. फुटाला पाव इंच, असं त्यांचं माप. सांगाडा नेट्टीचा. नेट्टी म्हणजे तळ्यातल्या एका रोपाच्या पोटातला पांढरा, हलका गर. आमच्याकडचे कारागीर त्याची देवळं कोरून यात्रेकरूंना विकतात. नेट्टीवर बांबूच्या कामट्या, त्यावर बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. गोळी झाडणारा बसतो त्या काचेच्या घुमटांसाठी दवाखान्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणून कढत पाण्यात धुतल्या. अण्णांच्या घरात तीन पिढ्या देवांची चित्रं करण्याचा धंदा होता. फणसाच्या फळीवर खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ यांचा लगदा थेंबाथेंबाने ठेवून त्यावर सोनेरी वर्ख आणि खडे बसवायचे. तोच लगदा सुईच्या टोकाने पत्र्यावर ठेवून त्यांनी विमानाचे रिबिट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, केले. ओळीच्या ओळी. एक थेंब मोठा पडला तर अख्खी ओळ खरवडत.

रंगाचं तर विचारू नका. हिरवा लावला, पुसला. पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

मी म्हटलं, "अण्णा, पहिला काय वाईट होता?"

"तो डब्यातला हिरवा. मला सहा महिने ऊन खाल्लेला हिरवा पाहिजे."

मग रंगवलेले पत्र्याचे तुकडे गच्चीवर वाळवणासारखे मांडले. वहिनींनी शेजारी वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, घातले होते. कावळ्यांनी वडाम नेले, पत्रे ठेवले. वहिनी दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

सुकाणांना खऱ्या विमानात कापड ताणलेलं असतं म्हणे. त्यासाठी मी वर्गातली सर्वांत तलम मलमल नेऊन दिली. त्यांनी भिंग लावून पाहिली आणि परत केली. "सूत जाड आहे. या मापात हे दोरखंड झाले." मीही हट्टी. मलमल रात्रभर भिजवून एकाआड एक धागा ओढून काढला आणि सकाळी समोर टाकली. त्यांनी पाहिली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा बसायला स्टूल दिलं.

तेव्हाच पाहिलं, की आत माणसं आहेत. नेट्टीची, करंगळीच्या पेराहून थोडी मोठी, आठ. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाला चष्मा. दुसऱ्या दिवशी अण्णा वरचा पत्रा चिकटवणार होते, मग त्यांतले बहुतेक दिसणारच नव्हते.

"दिसणार नाहीत तर केलेत कशाला?"

"दिसत नाहीत म्हणून नाहीत का?"

घागरीचं उत्तर मला माहीत होतं.

आता वहिनी. त्या अण्णांहून पुष्कळ लहान, हसऱ्या, बोलक्या. मूल नव्हतं. लढाईच्या दिवसांत अण्णा गावाबाहेरच्या ऐरोड्रोमवर पेंटर होते, विमानांवर अक्षरं आणि आकडे रंगवत. त्या काळचा एक किस्सा वहिनी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगत.

"नुकतंच लग्न झालेलं. खंडेनवमी आली. ऐरोड्रोमवरच्या आपल्या माणसांनी साहेबाला विचारलं, आमच्यात आज यंत्रांची पूजा करतात, करू का? साहेब हसला, म्हणाला करा. मी म्हटलं, मग गंध मी देते. तास दोन तास उगाळलं, पितळी डबीत भरून दिलं. यांनी खऱ्याखुऱ्या बाँबरला लावलं! माझं गंध आभाळात फिरून आलंय, बाई. तुमच्यातल्या कोणाचं गेलंय?"

बायका हसत. अण्णा घरात असले तर याच वेळी उठून मोरीची जाळी साफ करायला जात. मला वाटे, बायकोच्या बढाईचा कंटाळा असेल.

विमान पुरं व्हायला सात वर्षं लागली. त्या वर्षीच्या नवरात्रात वहिनींनी दिवाणखान्यात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या. या मांडणीत दर वर्षी एक तरी नवी बाहुली लागते, असा इथला रिवाज. खंडेनवमीला दुपारी त्या मला म्हणाल्या, "टीचर, वरून विमान आण ग. हे शाळेतल्या पूजेला गेलेत. आज यंत्रांचा दिवस. बाहुल्यांतही शोभेल, पूजाही होईल."

मी आणलं. ही चूक माझी. मीच दोन्ही हातांत धरून जिना उतरले, विचारायला हवं होतं असं डोक्यातही आलं नाही.

चौथ्या पायरीवर ठेवलं. खाली देव, वर देव, मध्ये बाँबर. गल्लीतल्या बायका जमल्या. वहिनींनी गंध उगाळलं होतंच. पंखांना लावलं, चारही इंजिनांना लावलं, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. मग नाकापाशी आल्या. तिथे दोन्ही बाजूंना एकेक पितळी चकती होती, मोहरीएवढी, मध्ये सुईच्या टोकाचं छिद्र. वहिनी म्हणाल्या, "बघा, टिळ्याची जागासुद्धा करून ठेवलीय." आणि एकेक ठिपका दिला.

तेवढ्यात अण्णा दारात आले. छत्री हातातच. काय झालंय ते त्यांनी एका नजरेत पाहिलं. चपलांसकट आत शिरले, बायकांना ढकलत, आणि धोतराच्या सोग्याने विमान पुसायला लागले. गंध, कुंकू, सगळं. बाहुल्या पायऱ्यांवरून गडगडल्या. वहिनींनी हात धरला तर त्यांना ढकललं. त्या पायरीवर आपटल्या, भुवईला खोक पडली.

मग वहिनी बसल्या जागेवरून, अगदी हळू म्हणाल्या, "माझं कुंकू पुसलंत. सवाष्णींच्या देखत."

हे वाक्य ज्यांना कळत नाही त्यांना मी समजावू शकणार नाही. संध्याकाळच्या बसने त्या भावाकडे तिरुवैयारूला गेल्या.

विमान मीच उचललं. उजव्या बाजूचा ठिपका पुसला गेला होता, डाव्या बाजूचा राहिला होता. वर नेऊन ठेवलं तेव्हा अण्णा खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी ते बाहेरच्या ओट्यावर बसलेले पाहिले आणि मी सरळ गेले. मला आडून विचारता येत नाही.

"अण्णा, काल तुम्ही शुद्धीवर होता का?"

"होतो."

"मग कारण सांगा. मी चार बायकांना तोंड देतेय कालपासून."

ते बोलले, ड्रॉइंग समजावतात तशा आवाजात.

"ती चकती पाहिलीत ना? त्या भोकातून बाहेरची हवा आत जाते. आत नळी असते. त्या हवेवरून काटा सांगतो, विमान किती उंचावर आहे. भोक बुजलं की काटा हलत नाही. ढगात माणसाला दुसरं काही कळत नाही. काटा म्हणेल तेवढं उंच."

मी ओट्याच्या कडेला बसले.

"तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी आपला पेंटर. गंध लावायला मलाच बोलावलं, हात स्थिर म्हणून. चकती पाहिली आणि वाटलं, जागा केलेलीच आहे. दोन्ही बाजूंना दिलं. वाऱ्याने पडू नये म्हणून गंधात थोडी चिंचोक्याची खळ घातली होती. आमच्या घरची पद्धत. खळ वाळली की दगड."

त्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते विमान उडालं. पाऊस होता, ढग खाली आलेले. पापनाशमकडे भाताच्या खाचरात पडलं. अण्णा लॉरीतून गेले होते, सामान गोळा करायला. शेपटीवरचे आकडे त्यांच्याच हातचे, त्यावरून ओळखलं. आठ जण होते. त्यांतल्या चष्मेवाल्याने पूजेच्या वेळी प्रसादाचे चणे दोनदा मागून घेतले होते.

"चौकशी झाली?"

"झाली. पाऊस, ढग, असं लिहिलं. दोन महिन्यांनी हुकूम आला. प्रत्येक विमानावर चकतीशेजारी लाल अक्षरांत लिहा, हे भोक मोकळं ठेवा. अक्षर चांगलं म्हणून मलाच दिलं. मी फोरमनला विचारलं, हे भोक कशाचं? त्याने सांगितलं. तोवर मला माहीत नव्हतं, टीचरम्मा. उरलेल्या सगळ्या विमानांवर मी ते लिहिलं."

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "पण मग पावसानेही पडलं असेल. तुमच्या गंधानेच, हे कोणी सिद्ध केलंय?"

"कोणी नाही."

"मग कदाचित..."

"तेच," ते म्हणाले. "कदाचित. आसपास. अंदाजे."

मी म्हटलं, वहिनींना सांगा, आजच बसने जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रिबिटांची ओळ वाकडी काढली.

"गंध कोणी उगाळलं होतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"खळ माझी," ते म्हणाले. "हात माझा. पण तिला हे सांगितलं तर ती फक्त गंध ऐकेल. तिचं गंध आभाळात फिरून आलंय. तसंच राहू दे."

"मग त्या परत येणार नाहीत."

"नको येऊ देत. तुम्हीही सांगायचं नाही. मी मेल्यावरही नाही. ती आहे तोवर नाही."

मी कबूल केलं. शपथ घेतली नाही. शपथांवर माझा विश्वास नाही, पण कबूल केलेलं मी करते.

वहिनी आल्या नाहीत. तिकडून निरोप येई, देवीची क्षमा मागा, सवाष्णींना बोलावून त्यांच्यासमोर विमानाला पुन्हा कुंकू लावा, मग येईन. अण्णा निरोप आणणाऱ्याला कॉफी देत आणि उत्तर देत नसत. गल्लीने ठरवलं, बाँबर राव नास्तिक झाला. शाळेतही कुजबुज झाली. त्यांनी कुणाचं खोडून काढलं नाही. विमान त्यांनी पेटीत घालून माळ्यावर टाकलं आणि पुन्हा हात लावला नाही. दर पोंगलला मात्र तिरुवैयारूला उसाची जोडी पाठवत. मी एकदा त्या भावाला विचारलं, वहिनी ऊस खातात का? तो म्हणाला, गाईला घालते. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "गाय खाते ना? म्हणजे पोचला."

अशी सहा वर्षं गेली. अण्णा खानावळीत जेवत, स्टोव्ह साफ करत, मुलांना घागर आतून काढायला लावत. मग एका पावसाळ्यात टायफॉइड झाला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर डोळे न उघडता विचारलं, "नळी साफ आहे ना?" डॉक्टर हसले. मी नाही हसले.

शेवटच्या दिवशी वहिनींना तार केली. त्या पोचल्या तेव्हा संपलं होतं. दहाव्याला त्यांचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. सगळं झाल्यावर मला म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी त्यांनीच पुसलं होतं. आज नुसता रिवाज झाला." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे होतं, ते दिलं नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली पिन मी ठेवून घेतली. माझी मोडली होती.

१३ जानेवारी. पहाटे गल्लीत शेकोट्या पेटल्या होत्या, पोरं डफ बडवत होती. वहिनी पहिल्या बसने आल्या, पांढऱ्या लुगड्यावर शाल, भुवईवर ती जुनी खूण. मी चटया टाकल्या, सूप टाकलं, टोपल्या टाकल्या. मग विमान बाहेर आणलं. आगीत टाकण्याआधी पिन काढली आणि नाकाच्या डाव्या बाजूचा गंधाचा ठिपका टोकरून काढला. नुसतंच गंध होतं, खळ नव्हती. भुगा होऊन पडला.

"काय करतेस ग?"

"भोक बुजलं होतं."

"त्यांचं खूळ तुला चिकटलं." मग त्या माझ्याजवळ आल्या. "टीचर, तुझ्याशी बोलायचे ते. आता तरी सांग. माझ्या कुंकवाचं त्यांना काय वावडं होतं?"

मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "काही नाही. रंग ओला होता."

"काय?"

"विमानाचा रंग वाळला नव्हता, वहिनी. डाग पडेल म्हणून पुसायला धावले. मग तुम्हाला लागलं, तुम्ही निघून गेलात, आणि त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली."

त्या आगीकडे बघत राहिल्या.

"रंग ओला होता," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"गाढव," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "गाढव मेला." डोळे पुसले नाहीत. मग म्हणाल्या, "त्या खऱ्या विमानाला मात्र माझं गंध चाललं होतं."

"चाललं होतं," मी म्हटलं.

विमान आगीवर ठेवलं. नेट्टी कापसासारखी जळते, आवाज करत नाही. आत आठ जण होते, हे मला माहीत होतं. पंख गेले, सुकाणांची माझी मलमल गेली, घुमट आक्रसले. पत्रा आणि तारा उरल्या. त्या सळईने ओढून काढल्या, निवल्यावर कचऱ्याच्या बादलीत टाकल्या, राखेवर पाणी मारलं, दार झाडलं. मग वहिनींना कॉफी द्यायची म्हणून आत गेले, आणि स्टोव्ह पेटवण्याआधी पिन फिरवली.